धानोऱ्याहून स्पॅनिशकडे : भाषा, संस्कृती आणि महाविद्यालयीन शिक्षणाची वाट

धानोरा, (प्रतिनिधी) : परकीय भाषांचे शिक्षण म्हटले की आपल्याकडे पुणे, मुंबई आणि दिल्ली ही शहरे डोळ्यांपुढे येतात. गडचिरोली जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी स्पॅनिशचा स्वतंत्र विभाग नाही आणि नजीकच्या काळात तो निघेल अशी चिन्हेही नाहीत. मात्र, धानोऱ्यातील विद्यार्थ्याने स्पॅनिश शिकू नये, असा याचा अर्थ होत नाही. गोंडी, मराठी, हिंदी आणि छत्तीसगडी या भाषांच्या सीमेवर वाढलेल्या तरुणाला चौथी वा पाचवी भाषा आत्मसात करणे शहरी विद्यार्थ्यापेक्षा अवघड जाईल, असे मानण्यास काहीच आधार नाही. अडचण असते ती माहितीची, वसतिगृहाची आणि इंग्रजीच्या भीतीची. स्पॅनिश भाषा व संस्कृतीचा अभ्यास म्हणजे नेमके काय, तो कोठे करता येतो, मराठी विद्यार्थ्याला त्यातील काय सोपे व काय अवघड जाते आणि जंगलपट्ट्यातील विद्यार्थ्याला त्याचा काय उपयोग, याचा हा आढावा.

भाषेचा विस्तार

स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. स्पेन, मेक्सिको, मध्य अमेरिकेतील सहा देश, क्युबा, डॉमिनिकन रिपब्लिक, दक्षिण अमेरिकेतील नऊ देश आणि आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनी अशा २० देशांच्या राज्यकारभाराची ती भाषा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांतही तिचा समावेश होतो. ब्राझीलची भाषा मात्र पोर्तुगीज आहे. अनेक विद्यार्थी येथे गल्लत करतात.

लॅटिनपासून निघालेल्या या भाषेचे पहिले मोठे व्याकरण आंतोनिओ दे नेब्रिहा यांनी १४९२ मध्ये सिद्ध केले. त्याच वर्षी कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. भाषेच्या प्रमाणीकरणासाठी स्थापन झालेली रॉयल स्पॅनिश अकादमी १७१३ पासून कार्यरत आहे. मिगेल दे सेर्व्हांतेस यांच्या 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ मध्ये, तर दुसरा १६१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आज मात्र स्पॅनिश बोलणाऱ्यांपैकी स्पेनमध्ये राहणारे दहांतील एकाच्या आसपास भरतील. सर्वाधिक भाषक मेक्सिकोत आहेत. त्यामुळे 'स्पॅनिश संस्कृती' म्हणजे केवळ बैलझुंज आणि फ्लामेंको नृत्य, ही समजूत अभ्यासाच्या पहिल्याच वर्षी गळून पडते.

विदर्भाचा जुना धागा

स्पॅनिश जगाशी विदर्भाचा संबंध आजकालचा नाही. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे या संबंधाचे ठळक उदाहरण होय. अमेरिकेत कृषिशास्त्राचे शिक्षण घेतलेले आणि गदर चळवळीत सहभागी झालेले खानखोजे पहिल्या महायुद्धानंतरच्या भटकंतीत मेक्सिकोला पोहोचले. १९२४ पासून त्यांनी तेथील चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापन केले. मक्याच्या वाणांवर त्यांनी केलेले संशोधन स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झाले. गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारण्यातही त्यांचा पुढाकार होता. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्या भित्तिचित्रात त्यांची प्रतिमा आढळते. आयुष्याच्या उत्तरार्धात ते नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये लोकसभाध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

खानखोजे यांनी स्पॅनिशचे शिक्षण कोणत्याही भारतीय महाविद्यालयात घेतलेले नव्हते. तरीही परक्या देशातील शेतकऱ्यापर्यंत शास्त्र पोहोचवायचे, तर ते त्याच्या परिचयाच्या भाषेतच सांगावे लागते, हे त्यांच्या कार्यातून दिसते. भाषेचे ज्ञान आणि एखाद्या विषयाचे ज्ञान यांची सांगड घातली तरच भाषाशिक्षण फलद्रूप होते. आज स्पॅनिश शिकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल.

उलट दिशेनेही वाहतूक झाली आहे. मेक्सिकोचे कवी ओक्ताव्हिओ पाझ हे १९६२ ते १९६८ या काळात भारतात आपल्या देशाचे राजदूत होते. मेक्सिको सरकारने विद्यार्थ्यांवर केलेल्या गोळीबाराच्या निषेधार्थ त्यांनी ते पद सोडले. १९९० मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतावरील त्यांचे लेखन हा आज अनेक विद्यापीठांत अभ्यासाचा विषय आहे.

मराठी विद्यार्थ्याला सोपे काय?

स्पॅनिशचे वर्ग आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या आधारे घेतले जातात. त्यामुळे इंग्रजी कच्चे असलेला विद्यार्थी आरंभीच माघार घेतो. प्रत्यक्षात स्पॅनिशच्या कित्येक रचना इंग्रजीपेक्षा मराठीला जवळच्या आहेत.

उच्चारांपासूनच पाहू. स्पॅनिशमधील 'त' आणि 'द' हे मराठीप्रमाणे दंत्य आहेत. शब्द जसा लिहिला जातो तसाच जवळजवळ नेहमी वाचला जातो. 'ञ' या ध्वनीसाठी स्पॅनिश वर्णमालेत स्वतंत्र अक्षर आहे. समोरच्याला एकेरी संबोधण्याचा शब्द तर मराठीप्रमाणेच 'तू' आहे, आणि आदरार्थी 'आपण'साठी 'उस्तेद' वापरतात. क्रियापदावरून कर्ता कळत असल्याने 'मी', 'तू' गाळण्याची मुभा दोन्ही भाषांत आहे.

वाक्यरचनेत साम्य अधिक आहे. 'मला पुस्तक आवडते' हे वाक्य स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल लिब्रो' असे होते. यात 'मे' म्हणजे 'मला' आणि क्रियापद चालते ते पुस्तकाप्रमाणे. पुस्तके अनेक असली की मराठीत 'आवडतात' होते, तसे स्पॅनिशमध्ये 'गुस्तान' होते. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला हे उलटे वाटते, मराठी विद्यार्थ्याला ते घरचे वाटावे. 'मी घर पाहतो' आणि 'मी मारियाला पाहतो' या वाक्यांत व्यक्तीला 'ला' लागतो, वस्तूला लागत नाही. स्पॅनिशमध्येही व्यक्तीपूर्वी 'आ' येतो, वस्तूपूर्वी येत नाही. भल्याभल्यांना घाम फोडणारा स्पॅनिशचा इच्छार्थ मराठीच्या 'यावे', 'जावे', 'करावेस' या रूपांतून चटकन उमगतो. 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' यातील 'यावेस' म्हणजेच स्पॅनिशमधील 'वेंगास'.

काही शब्दही ओळखीचे भेटतात. पोर्तुगीजांमार्फत मराठीत रुळलेल्या पगार, पाव, चावी, बटाटा या शब्दांची भावंडे स्पॅनिशमध्ये आहेत. 'पागार' म्हणजे पैसे देणे आणि 'पान' म्हणजे पाव. टोमॅटो आणि चॉकलेट हे शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल या आदिवासी भाषेतून स्पॅनिशमार्गे जगभर गेले आहेत.

अवघड काय?

मराठीत एकाच 'आहे'वर भागते, स्पॅनिशमध्ये मात्र 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. 'तो कंटाळवाणा आहे' यासाठी पहिले, तर 'तो कंटाळलेला आहे' यासाठी दुसरे वापरावे लागते. क्रियापद चुकले की अर्थच पालटतो. भूतकाळाची दोन रूपे कोठे कोणती वापरायची, हा दुसरा अडथळा. 'र' हा हलका आणि घोळवलेला असा दोन प्रकारे उच्चारला जातो. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि तोच 'र' घोळवला की होतो 'कुत्रा'. लिंगे दोनच असली तरी मराठीतील लिंग तेथे उपयोगी पडत नाही, प्रत्येक नाम त्याच्या लिंगासह पाठ करावे लागते. शिवाय स्पेन, मेक्सिको आणि अर्जेंटिना येथील बोलण्यात फरक आहे. अर्जेंटिनात 'तू' ऐवजी 'वोस' ऐकू येते. आरंभी एकाच प्रदेशाचे वळण धरावे आणि पुढे कान विस्तारावा, हे श्रेयस्कर.

अभ्यासक्रमात काय असते?

स्पॅनिशचा अभ्यास साधारणत: दोन प्रकारांनी करता येतो. पहिला प्रकार प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रमांचा. यात संभाषण, वाचन, लेखन आणि व्याकरण यांवर भर असतो. दुसरा प्रकार पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा. यात पहिल्या वर्षी भाषा शून्यापासून शिकवली जाते. पुढे स्पेन व लॅटिन अमेरिकेचा इतिहास, साहित्य, भाषाशास्त्र, अनुवाद आणि दुभाषेपण हे विषय येतात. वसाहतकाळ, स्वातंत्र्ययुद्धे, १९१० ची मेक्सिकन क्रांती, १९३६ ते १९३९ या काळातील स्पेनचे यादवी युद्ध, गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्यासारख्या कादंबरीकारांचे लेखन, अशा टप्प्यांनी विद्यार्थी पुढे जातो. पदवीला प्रवेश घेण्यासाठी स्पॅनिश आधीच येत असणे आवश्यक नाही, ही बाब ग्रामीण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

कोठे शिकता येईल?

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन व लॅटिन अमेरिकन अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र असून तेथे पदवीपासून संशोधनापर्यंत सोय आहे. हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठातही स्पॅनिशची पदवी घेता येते. दोन्ही केंद्रीय विद्यापीठे आहेत, बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते आणि शुल्क खासगी संस्थांच्या तुलनेत पुष्कळच कमी असते. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी सामाईक परीक्षा घेतली जाते. ती मराठीसह १३ भाषांत देता येते. मात्र कोणत्या अभ्यासक्रमासाठी कोणते विषय निवडावे लागतात, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहूनच अर्ज भरावा. चुकीचा विषय निवडल्यामुळे गुण असूनही प्रवेश हुकतो.

महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. तेथील अल्प मुदतीचे अभ्यासक्रम दुसरी पदवी घेत असतानाही करता येतात. घर न सोडता शिकू इच्छिणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा स्पॅनिश भाषा व संस्कृती हा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उपयुक्त आहे. किमान सहा महिन्यांचा हा अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो. संबंधित सत्रात प्रवेश सुरू आहेत का, याची खातरजमा विद्यापीठाच्या नागपूर विभागीय केंद्राकडून करून घ्यावी.

स्पेन सरकारची इन्स्टिट्यूटो सेर्व्हांतेस ही संस्था १९९१ मध्ये स्थापन झाली. तिचे दिल्लीतील केंद्र २००९ मध्ये सुरू झाले. तिच्यामार्फत घेतली जाणारी 'डेले' परीक्षा जगभर ग्राह्य धरली जाते. ए-१ पासून सी-२ पर्यंत तिच्या सहा पायऱ्या आहेत आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. नोकरीसाठी साधारणत: बी-२ ही पायरी गाठणे आवश्यक समजले जाते. केवळ ए-१ वा ए-२ च्या बळावर मोठ्या पगाराची स्वप्ने दाखवणाऱ्या जाहिरातींपासून विद्यार्थ्यांनी सावध राहावे. या संस्थेचे आभासी केंद्र आणि रॉयल अकादमीचा शब्दकोश हे दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात.

धानोऱ्याहून जाणारी वाट

धानोरा ते गडचिरोली हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे मुख्यालय तेथे असून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. तत्पूर्वी ही महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. पदवीसाठी धानोऱ्यात वा गडचिरोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने मुक्त विद्यापीठाचे प्रमाणपत्र जोडीला घ्यावे, हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग होय. पूर्ण वेळ स्पॅनिशकडे वळायचे असेल, तर बारावीनंतर दिल्ली किंवा हैदराबाद गाठावे लागते. बल्लारपूर हे रेल्वेस्थानक दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर असल्याने दोन्ही शहरांकडे जाणाऱ्या गाड्या तेथून मिळू शकतात.

केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव असतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आणि वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी राज्य शासनाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना यांची माहिती प्रकल्प कार्यालयात मिळते. पदव्युत्तर शिक्षण परदेशी विद्यापीठात घ्यायचे झाल्यास केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी दिल्या जाणाऱ्या २० शिष्यवृत्त्यांपैकी तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठी असतात. गडचिरोलीतील माडिया गोंड हा अशा गटांपैकी एक आहे. जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे बारावीच्या वर्षातच तयार ठेवावीत. शेवटच्या आठवड्यात त्यांच्यासाठी धावाधाव करताना अनेकांच्या मुदती टळतात.

रोजगार कोणता?

अनुवाद, दुभाषेपण, अध्यापन, पर्यटन, निर्यात व्यवहार आणि माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची ग्राहकसेवा ही स्पॅनिश जाणणाऱ्यांची नेहमीची क्षेत्रे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २००२ मध्ये उरुग्वेच्या माँतेव्हिदेओ येथे केंद्र उघडले, तेव्हापासून लॅटिन अमेरिका भारतीय कंपन्यांच्या नकाशावर ठळकपणे आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये बडोद्यात सी-२९५ विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचे उद्घाटन भारत व स्पेनच्या पंतप्रधानांच्या हस्ते झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात परदेशी पर्यटक येतात. एखाद्या स्थानिक मार्गदर्शकाला कामापुरते स्पॅनिश येत असेल, तर त्याचे वेगळेपण सहज नजरेत भरेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परकीय भाषांत स्पॅनिशचा उल्लेख आहे. ते प्रत्यक्षात उतरले तर शिक्षकांची गरज वाढेल. तथापि भाषेला वाणिज्य, विधी, शेती, वनशास्त्र किंवा संगणक यांपैकी एखाद्या विषयाची जोड असल्याखेरीज बाजारात टिकाव लागणे कठीण, हेही तितकेच खरे.

जंगलाची भाषा, राज्याची भाषा

नोकरीपलीकडे पाहिले तर धानोऱ्याच्या विद्यार्थ्याला स्पॅनिश जगात शोधण्यासारखे पुष्कळ आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेसाठी देशभर ओळखले जाते. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती आले. त्याआधी कागद कारखान्यासाठी होणाऱ्या बांबूतोडीला गावाने संघटित विरोध केला होता.

मेक्सिकोतील ओआहाका राज्याच्या सिएरा हुआरेस डोंगररांगांतही असेच घडले. तेथील जंगल १९५६ पासून २५ वर्षांसाठी एका कागद कारखान्याला दिलेले होते. मुदत संपत आली तेव्हा आदिवासी गावांनी नूतनीकरणाला विरोध केला आणि पुढे वनव्यवस्थापन आपल्या हाती घेतले. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतील २७ व्या कलमातून सामूहिक जमिनीची 'एहिदो' पद्धत पुढे आली आणि आज त्या देशातील निम्म्याहून अधिक जंगल अशा गावसमूहांच्या मालकीचे आहे. गावाच्या सभा कशा चालतात, लाकडाचा हिशेब कसा ठेवतात, नफ्यातून शाळा आणि दवाखाने कसे उभे राहतात, याविषयीचा मोठा दस्तऐवज स्पॅनिशमध्ये आहे. त्यातील थोडकाच इंग्रजीत येतो, मराठीत तर नाहीच्या बरोबर. तो मूळातून वाचू शकणारा एखादा तरुण धानोऱ्यात असेल, तर ग्रामसभांना त्याचा उपयोग होईल.

दुसरा धागा मातृभाषेचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख आहे. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा चालवून हा प्रश्न ऐरणीवर आणला. लॅटिन अमेरिकेत याच प्रश्नावर दीर्घकाळ झगडा झालेला आहे. पेरूने १९७५ मध्ये केचुआ भाषेला अधिकृत दर्जा दिला. पॅराग्वेच्या १९९२ च्या घटनेने ग्वारानी भाषेला स्पॅनिशच्या बरोबरीचे स्थान दिले. मेक्सिकोने २००३ च्या कायद्याने आदिवासी भाषांना राष्ट्रीय भाषा मानले. बोलिव्हियाच्या २००९ च्या घटनेत स्पॅनिशसह ३६ आदिवासी भाषा अधिकृत आहेत. कायद्याने दर्जा मिळाला म्हणून वर्गात पुस्तके आणि शिक्षक आपोआप येत नाहीत, हाही तेथील अनुभव आहे.

स्पॅनिश ही त्या खंडावर जेत्यांची भाषा म्हणून आली. पुढे तेथील आदिवासींनी तीच भाषा हक्क मागण्यासाठी वापरली. ग्वातेमालाच्या माया समाजातील रिगोबेर्ता मेंचू यांनी मातृभाषा किचे असताना मोठेपणी स्पॅनिश आत्मसात केली आणि आपल्या लोकांवरील अत्याचार जगापुढे मांडले. १९९२ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरात गोंडी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलीला हा इतिहास पाठ्यपुस्तकातला वाटणार नाही.

आरंभ कसा करावा?

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी आधी रोज अर्धा तास ऐकण्याचा सराव ठेवावा. देवनागरीत उच्चार लिहून घेण्याची सवय पहिल्या महिन्यापुरती ठीक आहे, नंतर ती सोडावी. व्याकरण शिकताना वाक्ये इंग्रजीतून उलगडण्याऐवजी मराठीतून उलगडून पाहावीत. तीन महिन्यांनंतरही गोडी टिकली तर प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव घालावे, आणि त्यानंतरच पदवीचा निर्णय घ्यावा. महाविद्यालयांनाही येथे काही करता येण्याजोगे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक ४० टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरता येतात. संगणक कक्षात आठवड्यातून दोन तास राखून ठेवले आणि एका प्राध्यापकाने समन्वयाची जबाबदारी घेतली, तर स्वतंत्र विभागाविनाही दहा-पंधरा विद्यार्थ्यांचा गट उभा राहू शकतो. धानोऱ्यात स्पॅनिशचा पहिला वर्ग भरलाच, तर तो बहुधा असाच भरेल.